तक्रार करायची कोणाकडे?

1 जुलै 2018 रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावी जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. मारली गेलेली माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची होती. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यातून भिक्षा मागत तिथवर पोचली होती. मुले पळविणारी टोळी हिंडत आहे, अशी आवई त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. परका वेष, परकी बोली आणि पाठीवरचे बिऱ्हाड एवढाच पुरावा जमावाला पुरला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांचा प्राण घेण्यात आला.

त्या वर्षी अशा अफवांनी देशात अनेक ठिकाणी बळी घेतले. देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करण्यासाठी तयार केलेली होती. तिचा उलगडा करणारा शेवट कापून टाकला गेला आणि सावधगिरीचा धडा खुनाची चिथावणी बनला. असा संदेश किती हातांतून जातो याची मोजदाद कोणी केलेली नाही. परंतु ज्या ज्या हातात तो पडला, त्या प्रत्येक हातापुढे तीनच मार्ग होते: पुढे धाडणे, गप्प बसणे किंवा हटकणे. बहुतेकांनी पहिले दोन मार्ग पत्करले, हे परिणामावरून उघड आहे.

याच महाराष्ट्रात सहा वर्षांपूर्वी नेमकी उलटी गोष्ट घडली होती. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. लिखाणात शिवी नव्हती, चिथावणी नव्हती, असत्यही नव्हते. तरीही तक्रार झाली, दोघींना अटक झाली आणि एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. तक्रार नोंदवून घेण्यात पोलिसांनी जी तत्परता दाखविली, ती राईनपाड्याच्या आधी पसरणाऱ्या अफवांच्या बाबतीत कोठेच आढळली नाही.

पालघर आणि राईनपाडा या दोन गावांच्या मध्ये आजचा प्रश्न उभा आहे. एका ठिकाणी तक्रारीने निरपराधांना तुरुंगाची वाट दाखविली. दुसऱ्या ठिकाणी तक्रार न झाल्यामुळे निरपराधांचे प्राण गेले. समाजमाध्यमांवरील विखारी मजकुराबद्दल 'तक्रार करा, बटण दाबा' असा सोपा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. तो उपदेश चुकीचा नाही. पण तक्रार कशाची करायची, ती ऐकणारा कोण आणि त्याचे हितसंबंध कोणते, हे प्रश्न न विचारता तो केला, तर त्याचा उपयोग सत्ताधाऱ्यांना आणि मक्तेदार कंपन्यांनाच अधिक होईल.

टीका, प्रचार आणि चिथावणी

प्रथम कशाची तक्रार करायची ते पाहू. पालघर प्रकरणात ज्या कलमाचा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ हे कलम 2008 च्या दुरुस्तीने आले आणि 2009 पासून अमलात होते. 'त्रासदायक' किंवा 'अतिशय अपमानकारक' मजकूर धाडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असे त्याचे स्वरूप होते. त्रास कोणाला, अपमान कशाने, याची व्याख्या कोठेही नव्हती. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. त्या निकालाने घातलेली विभागणी कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गाभा होत. बोलणे चिथावणीच्या पायरीला पोचते, तेव्हाच शासनाला हस्तक्षेपाचा अधिकार प्राप्त होतो.

ही कसोटी लावली तर पुष्कळसा गोंधळ दूर होतो. एखाद्या नेत्याची टवाळी, एखाद्या धर्मग्रंथाची चिकित्सा, सरकारच्या आर्थिक धोरणावरचा बोचरा विनोद, हे तक्रारीचे विषय नव्हेत. त्यांना उत्तर द्यायचे असेल तर ते शब्दांनीच द्यावे. परंतु एखाद्या वस्तीतील माणसे मुले पळवितात असे सांगणे, एखाद्या जमातीवर आर्थिक बहिष्कार घालण्याची हाक देणे, एखाद्या स्त्रीचे खाजगी छायाचित्र तिच्या संमतीवाचून पसरविणे, तिचा पत्ता देऊन तिला 'धडा शिकवा' असे म्हणणे, बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे फिरविणे, या गोष्टी मतप्रदर्शनाच्या कक्षेत येतच नाहीत. त्यांच्यामुळे दुसऱ्या कोणाचे तरी स्वातंत्र्य, आणि कित्येकदा आयुष्यही, हिरावले जाते.

वाईट बोलण्याला अधिक चांगले बोलणे हेच उत्तर, असे उदारमतवादी मित्र म्हणतात. दोन्ही पक्षांना बोलण्याची समान संधी असेल तेथे हे खरे आहे. परंतु ज्या गटांतून अफवा फिरत होती, त्यांत डवरी गोसाव्यांना जागा नव्हती. आपल्याविषयी काय लिहिले जात आहे हे कळण्याचेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या वतीने कोणीतरी 'हे खोटे आहे, थांबवा' असे म्हणावे लागते. तक्रारीचे नैतिक समर्थन या ठिकाणी आहे. दुर्बळाच्या वतीने केलेली तक्रार आणि प्रबळाच्या रोषापोटी केलेली तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे; पण नियमांच्या पुस्तकात दोन्हींचा अर्ज एकच असतो.

नफा खाजगी, हानी सार्वजनिक

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या व्यवहारात नवे काही दिसणार नाही. कारखाना नदीत विषारी पाणी सोडतो. नफा मालकाच्या खात्यात जमा होतो आणि रोगराई काठावरच्या गावांच्या वाट्याला येते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 मध्ये 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत मांडली होती. समाजमाध्यमांचा कारखाना याच तत्त्वावर चालतो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालकी असलेल्या मेटा कंपनीचे 2024 या वर्षाचे उत्पन्न 164 अब्ज डॉलरांहून अधिक होते आणि त्याचा जवळजवळ सर्व भाग जाहिरातींतून आला. जाहिरातदाराला माणसांची नजर विकायची असते. ती नजर खिळवून ठेवणारा मजकूर कंपनीला हवा असतो. आणि भय व द्वेष यांच्याइतके खिळवून ठेवणारे दुसरे काही नाही. म्हणून विष पसरणे हा या व्यवसायातील अपघात मानता येत नाही. ते त्याचे सांडपाणी आहे.

या सांडपाण्याच्या सफाईचे काम कोण करते? पहिला सफाई कामगार म्हणजे स्वतः वापरणारा नागरिक. तो मजकूर पाहतो, दुखावला जातो, वेळ काढून तक्रार करतो आणि कंपनीच्या मालाची तपासणी फुकट करून देतो. व्हॉट्सॲपसारख्या माध्यमात तर संदेश बंद पाकिटासारखे जातात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. म्हणून तिथे तक्रार करणारा ग्राहक हाच एकमेव तपासनीस असतो. त्याने तक्रार केली की त्या संभाषणातील शेवटचे काही संदेश कंपनीकडे पोचतात, एरवी नाही.

दुसरा सफाई कामगार दृष्टीआड आहे. नागरिकांनी केलेल्या तक्रारी आणि यंत्राने वेगळा काढलेला मजकूर पाहून 'ठेवा' किंवा 'काढा' असा निर्णय देणारी हजारो तरुण माणसे मनिला, नैरोबी, हैदराबाद अशा शहरांत कंत्राटदारांच्या कचेऱ्यांत बसलेली असतात. दिवसभर त्यांनी पाहायचे ते शिरच्छेद, बलात्कार, बालकांचा छळ आणि आत्महत्या. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे फेसबुकचे हे काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला वर्षाला सुमारे 28,800 डॉलर मिळत असत, तेव्हा फेसबुकच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याचा मध्यम मोबदला 2,40,000 डॉलरांच्या घरात होता. 2019 मध्ये वृत्तपत्रीय शोधातून ही तफावत जगापुढे आली. मनोविकारांनी ग्रासलेल्या अमेरिकन कामगारांनी दावा लावला, तेव्हा 2020 मध्ये कंपनीने 5 कोटी 20 लाख डॉलर देऊन तडजोड केली. नैरोबीतील कामगारांच्या वाट्याला याहून कठोर अनुभव आला. तेथे तासाला दीड डॉलरच्या आसपास मजुरी मिळे. 2022 पासून त्यांनी न्यायालयात लढा सुरू केला. 1 मे 2023 रोजी, कामगार दिनीच, दीडशेहून अधिक कामगारांनी नैरोबीत एकत्र येऊन आपली संघटना स्थापण्याचा निर्णय घेतला. 'आम्ही परदेशी कंपनी, केनियाचे न्यायालय आम्हांला लागू नाही' हा मेटाचा बचाव केनियाच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये फेटाळला.

या कामगारांचा प्रश्न हा केवळ त्यांच्या मजुरीचा प्रश्न नव्हे. ज्याला एका तक्रारीवर विचार करायला काही सेकंदच मिळतात आणि चुकांच्या टक्केवारीवर ज्याची नोकरी टांगलेली असते, तो न्याय देऊ शकत नाही. तक्रारकर्त्याला चार दिवसांनी येणारे 'आमच्या नियमांचा भंग आढळला नाही' हे छापील उत्तर अशाच एखाद्या थकलेल्या टेबलावरून किंवा थेट यंत्रातून आलेले असते.

भाषांची उतरंड

तक्रारींच्या या राज्यात भाषांचीही जातव्यवस्था आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध द्वेषाची लाट उसळत होती, त्या काळात, 2015 च्या आरंभी, फेसबुककडील मजकुरावर बर्मी भाषेतून नजर ठेवू शकणारी माणसे फक्त दोन होती, असे रॉयटर्स वृत्तसंस्थेने 2018 मध्ये उघड केले. त्याच वर्षी, हिंसेला चिथावणी देण्यासाठी आपल्या माध्यमाचा वापर झाला आणि तो रोखण्यासाठी आपण पुरेसे केले नाही, अशी कबुली कंपनीला द्यावी लागली. तोवर सात लाखांहून अधिक रोहिंग्या देशोधडीला लागले होते. 2021 मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून दिसले की, खोट्या माहितीची छाननी करण्यावर कंपनी जो वेळ खर्ची घालते, त्यातील 87 टक्के एकट्या अमेरिकेसाठी राखलेला होता आणि उरलेल्या सर्व जगासाठी 13 टक्के. कंपनीने या आकड्याच्या अर्थाविषयी वाद घातला. पण हिंदी आणि बंगाली यांसारख्या कोट्यवधींच्या भाषांतही द्वेषमूलक मजकूर ओळखणारी यंत्रणा फार उशिरा आली, हे त्याच कागदपत्रांतून उघड झाले.

मराठीचे काय होत असेल याची कल्पना यावरून करता येईल. मराठीत जातीय विखार क्वचितच उघड शिवीच्या रूपाने येतो. तो आडनावाच्या उच्चारातून येतो, पिढीजात धंद्याच्या उल्लेखातून येतो, सवलतींवरच्या टोमण्यातून येतो. म्हणींच्या आडून आणि गावरान विनोदाच्या पडद्याआडून येतो. 'जात' हा शब्द फेसबुकच्या नियमावलीत संरक्षित वर्गांच्या यादीत आहे. परंतु यादीत शब्द असणे आणि मराठवाड्यातल्या बोलीतला डंख समजणारा माणूस तक्रारीच्या टेबलावर असणे यांत मोठे अंतर आहे. कंपन्या आपल्या अहवालांत एकूण तक्रारींचे आकडे देतात. मराठीतील किती तक्रारींचा निकाल मराठी जाणणाऱ्या माणसाने लावला, हे नागरिकाला त्यातून कळत नाही.

याशिवाय मालकाच्या मर्जीचा प्रश्न आहेच. तेलंगणातील भारतीय जनता पक्षाच्या एका आमदाराचा द्वेषमूलक मजकूर नियमभंग करणारा आहे असे फेसबुकच्या कर्मचाऱ्यांनीच ठरविले असता, व्यवसायाला धोका पोचेल म्हणून भारतातील वरिष्ठ पातळीवरून कारवाईस विरोध झाला, असे 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने ऑगस्ट 2020 मध्ये प्रसिद्ध केले. बभ्रा झाल्यावर पुढच्याच महिन्यात त्या आमदारावर बंदी आली. जानेवारी 2025 मध्ये, अमेरिकेत नवे अध्यक्ष सत्तेवर येण्याच्या तोंडावर, मेटाने त्या देशातील स्वतंत्र तथ्यपडताळणीची योजनाच गुंडाळली. एका कंपनीच्या प्रमुखाने एका सकाळी निर्णय घ्यावा आणि अब्जावधी माणसांच्या सार्वजनिक जीवनाचे नियम बदलावेत, ही मक्तेदारी तेल आणि पोलाद यांच्या मक्तेदारीहून कमी भयंकर नाही.

मग सरकारकडे जायचे काय?

कंपन्यांवर विश्वास नाही म्हणून सरकारच्या हाती कात्री द्यावी, असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. समाजवादी चळवळीला त्या कात्रीची ओळख नव्याने करून द्यायला नको. आणीबाणीत नियतकालिकांच्या मजकुरावर सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरली, छापखान्यांना टाळी लागली, संपादक आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. त्या अंधारातही मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1976 मध्ये सेन्सॉरचे हुकूम रद्द केले. सरकारवरची टीका दडपणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे त्या निकालाचे सार होते.

आजची सेन्सॉरशिप निळी पेन्सिल घेऊन येत नाही. ती 'सुरक्षितता' आणि 'तक्रार निवारण' ही सौम्य नावे घेऊन येते. फेब्रुवारी 2021 च्या नियमांनी मोठ्या माध्यमांना तक्रार अधिकारी नेमण्याची, तक्रारीची पोच 24 तासांत देण्याची आणि ती मूळ नियमांप्रमाणे 15 दिवसांत निकालात काढण्याची सक्ती केली. एवढा भाग स्वागतार्हच होता. परंतु कंपनीच्या निर्णयावर अपील ऐकण्यासाठी 2023 मध्ये ज्या समित्या स्थापन झाल्या, त्या केंद्र सरकारनेच नेमलेल्या. त्याच वर्षी, केंद्र सरकारच्या कारभाराविषयी खरे काय आणि खोटे काय हे ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच एका पथकाला देणारी दुरुस्ती झाली. कुणाल कामरा व इतरांनी तिला आव्हान दिले. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. आरोपीनेच न्यायाधीश व्हायचे, ही कल्पना न्यायालयाला मानवली नाही. दुसरीकडे, सरकारी अधिकाऱ्यांनी 'सहयोग' या संगणकीय दालनातून मजकूर हटविण्याच्या नोटिसा धाडण्याच्या पद्धतीला 'एक्स' कंपनीने दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळले. लढाई संपलेली नाही.

सरकारी तत्परता कोणाच्या बाबतीत जागी होते आणि कोणाच्या बाबतीत झोपते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जुलै 2021 मध्ये मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे चोरून त्यांचा 'लिलाव' मांडणारे एक ॲप उघडकीस आले. स्त्रियांनी तक्रारी केल्या, दिल्लीत गुन्हा नोंदला गेला. पण सहा महिने एकालाही अटक झाली नाही. ॲप हटले एवढेच. जानेवारी 2022 च्या पहिल्याच दिवशी त्याच धर्तीचे दुसरे ॲप अवतरले. या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच आरोपींना पकडले आणि त्यानंतर दिल्लीच्या पोलिसांना जुन्या गुन्ह्यातला आरोपी सापडला. पहिल्या तक्रारीची दखल वेळीच घेतली असती, तर दुसऱ्या वेळी शंभराहून अधिक स्त्रियांची विटंबना टळली असती. मजकूर हटविणे म्हणजे न्याय नव्हे, हा त्यातला धडा आहे.

तिसरा मार्ग

कंपनीचे न्यायासन नको आणि मंत्रालयाचेही नको, तर मग हवे काय? कायद्याने स्थापन झालेली, शासनापासून आणि कंपन्यांपासून स्वतंत्र अशी सार्वजनिक यंत्रणा हवी. तिच्या नेमणुका केवळ कार्यकारी सत्तेच्या हाती नसाव्यात. तिच्यात न्यायिक अनुभवाच्या व्यक्तींबरोबर स्त्रिया, दलित, आदिवासी, भटके-विमुक्त आणि अल्पसंख्य यांचे प्रतिनिधी असावेत. प्रत्येक तक्रारीचे उत्तर तक्रारकर्त्याच्या भाषेत आणि कारणांसहित मिळावे. ज्याचा मजकूर हटविला गेला त्यालाही कारण कळावे आणि अपिलाचा हक्क असावा. कंपन्यांनी प्रत्येक भारतीय भाषेसाठी किती माणसे नेमली हे जाहीर करावे. मजकूर तपासणाऱ्या कामगारांना, ते कंत्राटदाराचे असोत की कंपनीचे, किमान वेतन, मानसोपचार आणि संघटनेचा हक्क मिळावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. युरोपीय संघाचा 2022 चा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू झाला. निर्णयाची कारणे देण्याचे बंधन, न्यायालयाबाहेर दाद मागण्याची सोय आणि कसूर करणाऱ्या कंपनीला जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड, या तरतुदी त्यात आहेत. सरकारे अशा संस्थाही गिळंकृत करतील, ही शंका रास्त आहे. परंतु गिळंकृत होण्याच्या भयाने संस्थाच उभारायची नाही, असे ठरविले तर न्यायालये आणि निवडणूक आयोगही नकोत असे म्हणावे लागेल. संस्था टिकतात त्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या जनसंघटनांमुळे.

यंत्राची रचना बदलली की फरक पडतो, याचाही पुरावा आहे. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर जुलै 2018 मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये, अनेकदा पुढे धाडला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असा निर्बंध आला, तेव्हा अशा संदेशांचा प्रसार 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. म्हणजे उपाय कंपनीच्या हाती होता. तो योजण्यासाठी माणसे मरावी लागली.

कार्यकर्त्यांचे काम

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. 1972 च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. रॉकेल आणि तेल मिळत नाही ही प्रत्येक घरातली तक्रार होती. दुकानदारापुढे एकटी बाई ती मांडे तेव्हा तिला हुसकून लावले जाई. हजारो बायकांनी ती एकत्र मांडली तेव्हा मंत्र्यांना दार उघडावे लागले. विखारी मजकुराविषयीची तक्रारही एकेकट्याने दाबलेल्या बटणातून बाहेर काढून सामुदायिक करावी लागेल.

प्रत्येक तालुक्यात दोन-तीन जाणत्या कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. मजकूर दिसताच तो पुढे धाडू नये, 'पाहा काय चालले आहे' असे म्हणूनही नाही. स्क्रीनशॉट, दिनांक, वेळ आणि दुवा जपून ठेवून मगच माध्यमाकडे तक्रार करावी, कारण मजकूर हटला की पुरावाही जातो. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांचा मात्र अपवाद आहे: ती जपून ठेवणे हाच गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यांची माहिती थेट पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर द्यावी. स्त्रिया आणि बालके यांच्याविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची खबर तेथे नाव न सांगता देण्याची सोय आहे. माध्यमाने दाद दिली नाही तर तक्रार अधिकारी, त्यानंतर अपील समिती, असा पाठपुरावा करावा. सरकारनियुक्त समितीवर आक्षेप असणे वेगळे आणि पीडित स्त्रीला आज मिळू शकणारा दिलासा नाकारणे वेगळे. मॉब लिंचिंगविषयीच्या 17 जुलै 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यातील तो अधिकारी कोण, हे कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे; अफवा उठल्यावर शोधाशोध करण्यात रात्र जाते.

त्याचबरोबर दोन पथ्ये कसोशीने पाळावी लागतील. पहिले असे की, विरोधकाचे तोंड बंद करण्यासाठी टोळी जमवून खोट्या तक्रारी करण्याचे जे तंत्र आज सर्रास वापरले जाते, त्याला चळवळीने कधीही शिवू नये. पालघरच्या मुलींवर ज्या न्यायाने अन्याय झाला, तोच न्याय प्रतिपक्षाला लावण्याचा मोह सोडला पाहिजे. दुसरे पथ्य अधिक जवळचे आहे. आपल्याच गटांत विरोधी पक्षाच्या पुढारी स्त्रियांविषयी हिणकस विनोद येतात, कोणाच्या जातीवरून कोपरखळी मारली जाते आणि 'साथी आपलाच आहे' म्हणून ती खपवून घेतली जाते. गटातील सदस्याच्या मजकुराबद्दल केवळ गटप्रमुख आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिला आणि तो योग्यच आहे. पण कायद्याने सोडले म्हणून चळवळीने सोडावे असे नाही. ज्याला आपल्या माणसाला हटकता येत नाही, त्याच्या तक्रारीला दुसऱ्याच्या दारात वजन येत नाही.

तक्रार ही लोकशाहीतील लहानशी कृती आहे. ती चाड असलेल्या नागरिकाच्या हाती ढाल बनते, झुंडीच्या हाती शस्त्र बनते आणि मक्तेदाराच्या दप्तरात निव्वळ आकडा बनते. तिला ढाल म्हणून टिकवायचे असेल तर ती ऐकणारी व्यवस्था लोकांच्या मालकीची करावी लागेल आणि तोवर, ज्यांना त्या पडद्यावर स्वतःचा आवाज नाही अशांच्या वतीने जागता पहारा द्यावा लागेल. गावात संध्याकाळी एखादा भिक्षेकरी शिरतो, तेव्हा त्याच्याविषयी गटात आलेला पहिला संदेश खोटा आहे असे सांगणारा एक माणूस तिथे असला पाहिजे. तो आपला कार्यकर्ता असावा, एवढे साधले तरी संघटनेचे काम योग्य दिशेने चालले आहे असे म्हणता येईल.